लाल ओळ

१२ एप्रिल, देवगड

झोप येत नाहीये. दुपारपासून एक ओळ डोक्यातून जात नाही.

गिट, म्हणजे फाइलीत कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, शिकायचं कधीचं मनात होतं, आज एकदाची बसले. सरावाला आंब्याच्या पेट्यांचीच यादी घेतली, कोणाला किती पाठवायच्या त्याची. घरात दरवर्षी बदलणारी फाइल तेवढीच. गिट इनिट केलं तर रिकामी रिपॉझिटरी, म्हणजे नोंदी ठेवायची जागा, तयार झाली म्हणून एक ओळ आली, बाकी फोल्डर दिसायला होता तसाच. जे काही झालं ते डॉट गिट नावाच्या लपलेल्या फोल्डरात. मग गिट ॲड, म्हणजे नोंदवायची फाइल निवडणं. कमिटला, म्हणजे ती नोंद पक्की करताना, मात्र अडलं: आधी तू कोण ते सांग. नाव आणि ईमेल दिल्याशिवाय पुढे सरकेना. पूर्ण नाव दिलं, बाबांच्या नावासकट. तेव्हा काही वाटलं नाही.

पहिली कमिट गेल्या वर्षीच्या यादीची. दुसरी यंदाची. आईने सांगितलं तसं मोठ्या आत्याचं नाव काढलं आणि कमिट केलं.

नंतर काय झालं ते बघायला गिट लॉग, म्हणजे सगळ्या नोंदींची यादी, पाहिला, बदलांसकट. फाइलचं मराठी नाव त्याने ३४०, २४४ असं आकड्यांत दाखवलं, पण आतली ओळ स्वच्छ मराठीत. लाल अक्षरांत, पुढे वजाचं चिन्ह: मोठी आत्या, दादर, २ पेट्या. वर माझं नाव, तारीख, सेकंदापर्यंत वेळ.

आईचं नाव कुठेच नाही. सांगितलं तिने, काढलं मी. बाबांच्या वहीत दर मोसमाला नवं पान. जे नाव उतरवलं नाही ते नाहीच, कोणी गाळलं हे कोण विचारतंय? असली कामं दादाच्या वाट्याला कधी येत नाहीत. जाऊ दे.

लिनस टोरवाल्ड्सनी हे २००५ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलसाठी, म्हणजे तिच्या गाभ्यासाठी, बनवलं. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकाच कोडला हात लावणार, तर कुठली ओळ कोणी बदलली ते कळायलाच हवं. आमच्या घरात माणसं मोजकीच.

पुसायचं कसं तेही वाचलं. प्रत्येक कमिटचा चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारी खूण, असतो आणि त्यात आधीच्या कमिटचा हॅश गुंफलेला, म्हणून मागचं बदललं की पुढचं सगळं बदलतं. माझ्या दोनच कमिट. डॉट गिट फोल्डर उडवला असता तरी संपलं असतं. बोट कीबोर्डवर होतं. पण काढलं ते काढलंच ना मी? फोल्डर गेला म्हणून काय झालं.

रात्री बाबा पडवीत पेंढा सारखा करत होते. वर न बघताच म्हणाले, "आक्काच्यो दोन पेट्यो धरलंस मां?"

आई आत भांडी घासत होती. घासायची थांबली.

मी हो म्हटलं.

मग गिट रिव्हर्ट. मला वाटलं होतं, ती कमिट नाहीशी होईल. तसं होत नाही. ती राहते तिथेच, वर उलटी नवी कमिट बसते. आता लॉगमध्ये तीन आहेत: लिहिलं, काढलं, परत घातलं. तिन्हीवर माझंच नाव. राहू दे तसंच. शेवटच्या कमिटमध्ये ती ओळ हिरवी आहे, पुढे अधिकचं चिन्ह.

चार डझनी की पाच डझनी, ते मात्र बाबांना विचारायचं राहिलं. सकाळी टेम्पो यायच्या आधी विचारते.