वूफर एवढा हलतोय, मग बेस कुठे गेला?

मध्यंतरी एक वायरलेस स्पीकर आला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. घरात ठेवायचा मोठा, वाय-फाय ब्लूटूथ दोन्हीवर चालणारा. घेऊन आलेले काका बँकेतून रिटायर झालेले, कान एकदम तयार. म्हणाले, "अहो यात डग्गा वाजतच नाही, पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखं येतं. आणि तो वूफर बघा, कसल्या उड्या मारतोय." (वूफर म्हणजे खालचे, जाड सूर, म्हणजेच बेस, काढणारा आतला मोठा स्पीकर.) तक्रार इतकी नेमकी सांगणारं गिऱ्हाईक विरळाच, नाहीतर सगळ्यांचं एकच, "आवाज बरोबर येत नाही".

स्क्रूचे माथे घासलेले होते, म्हणजे आधी कुणीतरी उघडलेला. काकांनीच सांगितलं, बेस कमी वाटला म्हणून एकाकडे दिला होता, त्याने "सर्व्हिसिंग" केलं, आणि परत देताना समोर गाणं लावून दाखवलं की बघा आता वूफर कसा जोरात हलतोय. पैसे घेतले. काकांचा मुलगाही खूश, त्याने व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. रील्सनी लोकांची डोकी फिरवलीत, स्पीकर आडवा ठेवायचा, 25-30 हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा, टोन लावायचा आणि पडदा फडफडला की "काय बेस आहे". अरे, सूर निम्म्यावर उतरला की तेवढाच आवाज काढायला कोनला (वूफरच्या पडद्याला) चौपट हलावं लागतं, एवढ्याशा वूफरला ते झेपत नाही, नुसतं हलणं दिसतं, कानाला काही मिळत नाही.

असो. आधी गाणं पॉज केलं. पॉजमध्ये कोन आपल्या जागेवर शांत पाहिजे, पुढे किंवा मागे ताणून बसला असेल तर अ‍ॅम्पमधून डीसी (एकाच दिशेचा करंट) येतोय आणि कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) जळायच्या वाटेवर आहे. इथे शांत होता. मग कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून (मधल्या टोपीवर नाही, ती चेपते) हळूच आत दाबला. कॉइल घासत असली की खरखर बोटांना लागते, ती नव्हती. पण या सेटला मागे पॅसिव्ह रेडिएटर आहे. दिसतो वूफरसारखाच, पण त्याला कॉइल नाही मॅग्नेट नाही, नुसता वजनदार पडदा, आतल्या हवेच्या दाबावर हलणारा. डबा हवाबंद असेल तर वूफर आत दाबला की हा बाहेर फुगतो आणि दाबून धरला तोवर बऱ्यापैकी फुगलेला राहतो. इथे किंचित हलला आणि लगेच परत जागेवर. मला तिथेच कळलं, हवा कुठूनतरी पळतेय.

तरी उघडून वूफर तपासलाच, कारण एक दोष सापडला म्हणून थांबायचं नसतं. 4 ओहमचा वूफर, मीटरवर 3.5 दाखवतोय, म्हणजे ठीक. दीड व्होल्टचा सेल टेकवला, प्लसला प्लस, कोन बाहेर आला, म्हणजे उलटा जोडलेला नाही. डीसी पुन्हा एकदा वूफरच्या दोन टोकांमध्ये मोजला, काही मिलिव्होल्ट. (दोन टोकांमध्येच मोजायचा. हे अ‍ॅम्प ब्रिजमध्ये असतात, म्हणजे वूफरचं कुठलंच टोक ग्राउंडला जोडलेलं नसतं, मीटरचं एक टोक ग्राउंडला धरलं की निम्मा सप्लाय दिसतो आणि शिकाऊ पोरं चांगला बोर्ड बदलायला निघतात.)

मग सेट जोडून 50 हर्ट्झचा टोन लावला, आवाज बेताचा, पंखा बंद, आणि उदबत्ती घेऊन जोडाच्या कडेकडेने फिरलो. धूर सरळ वर जात होता तो मागच्या कोपऱ्यात थरथरायला लागला. परत उघडलं तर अ‍ॅम्पच्या कप्प्यातून वूफरच्या कप्प्यात वायर जाते त्या भोकातली पुटी खरवडून काढलेली आणि परत भरलेलीच नाही, वर झाकणाचा फोम गॅस्केटही अर्धा फाटून दुमडलेला. डब्याला एवढी गळती असली की मागची हवा दाबलीच जात नाही, रेडिएटर आळशी होतो, आणि कोनला धरून ठेवणारी हवेची स्प्रिंग गेल्यामुळे तो मोकाट सुटतो. त्यात मुलाने अ‍ॅपमध्ये बेस फुल करून ठेवलेला. एक दिवस कॉइल ठोकलीच असती मागे.

नवीन फोम पट्टी लावली. भोकाला न्यूट्रल सिलिकॉन भरलं, हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं नाही, त्यातून सुटणारं अ‍ॅसिड तांबं खातं, आज सील होतं आणि पुढे वायर हिरवी पडते. रात्रभर सुकू दिलं. सकाळी टोन खालून वर नेत गेलो तर एका जागी वूफर जवळजवळ थांबला आणि रेडिएटर जोरजोरात डोलायला लागला. डबा नीट असला की तो ज्या सुराला ट्यून केलेला असतो तिथे असंच होतं. हे दृश्य मला अजूनही आवडतं. काकांनी दुकानात तबला लावून ऐकला, डग्गा घुमला, माणूस खूश.

दोन दिवसांनी फोन. "घरी परत पुठ्ठाच."

बाणेरला गेलो. नवा फ्लॅट, मोठा हॉल, स्पीकर मधल्या पार्टिशनच्या उघड्या फळीवर आणि सोफा बरोबर हॉलच्या मध्यावर. मी पुन्हा तोच 50 चा टोन लावला आणि काकांना म्हटलं, सोफ्यावर बसा. काही नाही. आता उठून भिंतीपर्यंत चालत जा. भिंतीशी पोचले आणि काका जागीच थांबले, "अरे, इथे तर घुमतंय की!" दोन भिंतींत अंतर साधारण 11 फूट, म्हणजे 51 हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, भिंतींपाशी जोर आणि बरोबर मध्यावर पोकळी. त्यात स्पीकर कोपऱ्यात असला की भिंती बेसला हातभार लावतात, उघड्या फळीवर तो हातभारही नाही. स्पीकर कोपऱ्यातल्या टेबलावर आणला, सोफा मागे सरकवला, डग्गा आला.

मग मी विचारलं, बेस कमी वाटायला लागलं कधीपासून? "इथे राहायला आल्यापासून. पेठेतल्या घरी झकास वाजायचा." तिथे स्पीकर कोपऱ्यातल्या कपाटावर आणि काकांचा दिवाण भिंतीला लागून.

म्हणजे पहिल्यांदा तो उघडला तेव्हा स्पीकरला काहीच झालं नव्हतं! चांगला सेट खोलीच्या दोषापायी उघडला गेला, उघडताना बिघडला, आणि बिघाडाने वूफर हलायला लागला तीच दुरुस्ती म्हणून दाखवली गेली. त्या माणसाला मी ओळखतो. सोल्डरिंगचा हात चांगला आहे, फसवणारा नाही, पण ऐकत नाही, ना गिऱ्हाईकाचं ना स्पीकरचं. पाण्यापासून वाचवायला म्हणून कंपन्या आता सगळं चिकटवून ठेवतात, मॅन्युअल देत नाहीत, गॅस्केट सुटा मिळत नाही, तोही वैतागत असणार.

काकांनी विचारलं, "मग मुळात बिघाड काय होता?" मी म्हटलं गॅस्केट आणि सील. खोटं नाही, पण त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ते पैसे परत मागायला तिकडे गेले असते, आणि माझं नाव निघालं असतं. सांगायला हवं होतं का, अजून ठरत नाहीये.

आता फोनवरच विचारतो, घर बदललंय का, फर्निचर हलवलंय का. परवा एक बाई म्हणाल्या, स्पीकर दुरुस्त करता का वास्तुशास्त्र सांगता? आणि काकांकडे सोफा पुन्हा मध्यावर आलाय, भिंतीला लावला की बाल्कनीचं दार उघडत नाही असं काकूंचं म्हणणं. काका डायनिंगची खुर्ची भिंतीला लावून ऐकतात.