आमच्या व्हाळातल्या माशांसाठी ग्रामसभेत घालवलेली दोन वर्षं

आमचा गाव गोव्यातल्या सत्तरीत, घरामागून जो व्हाळ (ओढा) जातो तो पुढे म्हादई नदीला मिळतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खा वाडा व्हाळावर, चढणीचे मासे धरायला. मी पण धरलेत, भरपूर. पण चार वर्षांमागे एका सकाळी व्हाळातल्या खोल डोहात, देवाच्या कोंडीत, जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रात्री कोणीतरी इन्व्हर्टरची बॅटरी आणून पाण्यात करंट सोडलेला, मोठे मासे उचलून नेले आणि बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून पाल्यात अडकलेली, सोबत कुर्ल्या, बेडूक, सगळंच.

आधी पोलिसात गेलो. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला बंदी आहे, १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून आहे, पण रात्री दोन वाजता रानात येऊन धरणार कोण? अर्ज घेतला, पुढे काही झालं नाही. मग कोणीतरी सांगितलं की २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत एक जैवविविधता समिती असायला पाहिजे. आमच्याकडे ती होती, पण कागदावर. सचिवांकडे तीन चकरा मारल्या तेव्हा कुठे ग्रामसभेत विषय घेतला.

मी लिहून नेलेलं की वर्षभर पूर्ण मासेमारी बंद. पाच मिनिटांत सगळे उठले. शेजारचे आबा म्हणाले, "बाबू, तू पणजीला कामाला जातोस, येताना बाजारातून आणतोस. आम्ही पावसात काय खायचं?" आणि ते बरोबरच होतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद, बाजारात मासळीला हात लावायची सोय नाही, मग लोक व्हाळावर येणारच. समुद्रातले मासे वाढावेत म्हणून बंदी आणि त्याच दिवसात गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला वर चढतात, ही गोष्ट तोपर्यंत माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

नंतर दोन-तीन संध्याकाळी आबांच्या ओसरीवर बसलो, वाड्यावरचे अजून चार म्हातारे आले. खरं काम तिथे झालं. आबांनी सांगितलं की चढणीला जो मासा येतो त्याचं पोट गाबोळीनं गच्च असतं, हातात नुसता दाबून धरला तरी पिवळे दाणे बाहेर येतात (हे मी स्वतः केलंय, तळहात भरायचा), तो वर शेतात, दगडगोट्यांत अंडी टाकतो आणि मग खाली उतरतो. म्हणाले, "चढताना नको, उतरताना घ्या." बस, एवढंच. हिमाचलात तीर्थन नदीवर गेलेलो तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो थंडीत अंडी घालतो, आमचा पावसात, हिशेब तोच.

पुढच्या ग्रामसभेत ठराव आबांनीच मांडला. पहिल्या पावसापासून जुलैअखेर खोयन (बांबूचा सापळा) नाही, पागेर (फेकायचं जाळं) नाही. देवाच्या कोंडीत बारा महिने काहीच नाही. करंट, मासे मारायला ब्लिचिंग पावडर किंवा गेळाची विषारी फळं कुठेच कधीच नाही. माझा ठराव पडला होता, हा एकाही विरोधाशिवाय पास झाला.

पण नियम करून व्हाळ सुधारत नाही. त्याच मे महिन्यात गाळ उपसायच्या नावाखाली जेसीबी उतरला आणि दोनशे मीटर व्हाळ गटारासारखा सरळ करून टाकला, गोटे काठावर ढीग, सावलीची करंजं मुळासकट बाहेर. मला रडायलाच आलं. गाळ काढायला कोणाची ना नाही, पण गोटे काढले तर मासा अंडी घालणार कुठे आणि उन्हाळ्यात लपणार कुठे? तेव्हापासून पावसाळा सोडून दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण जातो, गोटे हातोहात परत पाण्यात, काठावरचं रानमोडीचं तण उपटायचं, पिकनिकवाल्यांच्या बाटल्या पोत्यात भरायच्या. करंज आणि जांभळं लावलीत, निम्मी गुरांनी खाल्ली, परत लावली. पोरांनी म्हाताऱ्यांना विचारून माशांची नावं वहीत उतरवली, खवळे, मळये, थिगूर, वाम, ती आता पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत चढलीत.

गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री मी आणि आबा बॅटरी घेऊन साकवावर उभे होतो. घोट्याएवढ्या पाण्यात गोट्यांमधून मासे पाठ बाहेर काढून वर सरकत होते, खळखळ ऐकू येत होती. खाली दोन पोरं खोयन घेऊन आलेली, आबांनी हाक मारली, "पोरांनो, उतरणीला या," आणि ती गेली.

यंदा जेसीबी आणायच्या आधी आमच्यासोबत व्हाळ चालून बघा असं पत्र गाळ उपसणाऱ्यांना दिलंय. अजून उत्तर नाही. सोमवारी परत जाणार आहे.