विडीचं विचारायचं राहून गेलं

हाडांच्या वॉर्डातून फोन आला, "सर, तुमचा क्लोझापिनवाला पेशंट उठतच नाहीये."

मी मानसोपचाराचा डॉक्टर. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध, त्याला कानात आवाज येतात म्हणून मीच चालू केलेलं. मांडीचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. जाऊन बघतो तर उशी लाळेनं भिजलेली. हाक मारली की डोळे उघडायचा, पुन्हा झापड. मधूनच हाताला झटका. उशाशी आई. "गोळ्या मीच देते हो डॉक्टर, मोजून. एकही जास्त नाही."

खरं होतं. वर्षभर रोज 400 मिलिग्रॅम तिच्याच हातून. आधी रिस्पेरिडोन झालं, ओलान्झापिन झालं, दोन्ही पुऱ्या डोसात. त्याला ऐकू येणारी विहिरीतली माणसं शिव्या द्यायची थांबली नाहीत. क्लोझापिनकडे आम्ही वळतो ते असं दोनदा हरल्यावर, कारण त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात. पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासलं, 12.5 पासून हळूहळू चढवत गेलो. चौथ्या महिन्यात तो म्हणाला, "बोलतात अजून, पण लांबून. काम करू देतात." मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा जोर उतरला की आवाज पुसलेच जातात असं नाही, हुकमत जाते त्यांची.

ताप नाही, छाती साफ, पेशी बरोबर. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू आहे का पाहिलं, त्यानंही क्लोझापिन रक्तात साठतं. नव्हतं.

"आता गप्प आहे," सिस्टर म्हणाल्या, "पहिले दोन दिवस विडीसाठी डोकं खाल्लं."

"दिवसाला किती ओढतो?" मी आईला विचारलं.

"बंडल संपतं."

वर्षभराचा केसपेपर चाळला. झोप, शौच, वजन, साखर सगळं माझ्याच अक्षरात. विडी कुठेच नाही.

विडीच्या धुरानं यकृतातलं एक एन्झाइम वाढतं आणि ते क्लोझापिन भराभर संपवतं. (निकोटिनचा यात हात नाही, म्हणून तंबाखू मळून भागत नाही.) धूर बंद झाला की आठवड्याभरात एन्झाइम उतरतं. त्याच 400 मिलिग्रॅमच्या गोळ्या अंगात कितीतरी जास्त होऊन बसल्या होत्या. रक्तातली पातळी मोजायला नमुना बाहेर पाठवावा लागतो. रिपोर्टची वाट न पाहता डोस टप्प्याटप्प्यानं 250 वर आणला. चौथ्या दिवशी तो उठून बसला, चहा मागितला.

सुट्टीच्या दिवशी खरी पंचाईत. घरी जाऊन पुन्हा बंडल सुरू झालं तर 250 पुरणार नाहीत आणि विहीर बोलायला लागेल. विडी ओढ असं कुठला डॉक्टर सांगेल? "सोडलीस तर उत्तम. पण धरलीस तर लपवू नको, गोळी बदलावी लागते," एवढं सांगितलं.

पंधरा दिवसांनी दोघं आली. तो म्हणाला, "एकही नाही." आईनं त्याच्या पाठीमागून मला चार बोटं दाखवली.