रिफंडमधले २९९ डॉलर

मार्च २०२४ मधली गोष्ट. सकाळी डबे भरता भरता सहज बँकेचं ॲप उघडलं, तर आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, टॅक्स रिफंडचे २९९ डॉलर जमा. यायला हवे होते ६,१३९. हाताला पीठ होतं म्हणून चुकीचं दिसतंय की काय, असं वाटून हात पुसला आणि पुन्हा पाहिलं. २९९च.

पहिला संशय स्वतःवर आला, कारण रिटर्न मीच भरलं होतं. आमचं लग्न डिसेंबर २०२३ मधलं, दोघांचंही दुसरं. इकडे अमेरिकेत ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असलात की करापुरतं अख्खं वर्ष विवाहित. नवरा-बायकोचं मिळून एकच रिटर्न भरता येतं. भारतात असं नसतं. माझ्या आईबाबांनी आयुष्यभर वेगवेगळी रिटर्न्स भरली, त्यामुळे हे सगळं मला नवंच होतं. माझा पगार ९६,००० आणि कर कापला गेला होता एकटीच्या दराने. वर मी दर पगारातून शंभर डॉलर जादा कापायला सांगून ठेवलेलं, म्हणजे वर्षाअखेरीला घाबरायला नको. नवऱ्याचं ते वर्ष वाईट गेलं होतं. जानेवारीअखेर नोकरी गेली, नवी थेट नोव्हेंबरमध्ये लागली. पगार आणि बेकारी भत्ता धरून त्याचे ३६,०००. दोघांचं एकत्र केल्यावर कर कमी बसला आणि रिफंड फुगला. त्या रिफंडवर मी मनातल्या मनात सोफा घेऊन बैठकीत मांडलाही होता.

चार दिवसांनी पत्र आलं. आयआरएसचं नव्हे, ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, ब्युरो ऑफ द फिस्कल सर्व्हिसचं. मूळ रिफंड इतका, त्यातून वळते केले ५,८४० डॉलर, कारण चाइल्ड सपोर्टची, म्हणजे घटस्फोटानंतर मुलाच्या खर्चासाठी द्यायच्या पैशांची थकबाकी, आणि पैसे गेलेत अमुक राज्याच्या चाइल्ड सपोर्ट एजन्सीकडे. नवऱ्याचं पहिलं लग्न जिथे मोडलं, ते राज्य. आम्ही राहतो न्यू जर्सीत.

त्याला मुलगी आहे, हे मला अर्थातच माहीत होतं. बारा वर्षांची. एक आड एक शनिवार-रविवार आमच्याकडे असते, मला मावशी म्हणते. महिन्याला १,१५० डॉलर द्यायचे असतात, हेही माहीत होतं. थकलेत हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी पत्र त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं.

"मला वाटलं, नव्या पगारातून कापतायत म्हणजे झालं."

"आणि मधले नऊ महिने?"

"भत्त्यातून जात होते की."

जात होते, पण पुरते नाही. सहा महिने भत्त्यातून थोडे थोडे कापले गेले, मग भत्ताच संपला, आणि पुढचे तीन महिने काहीच गेलं नाही. नवी नोकरी लागल्यावर कंपनीने नियमाप्रमाणे नव्या माणसाची माहिती सरकारला कळवली आणि पगारातून कपात आपोआप सुरू झाली, पण मागचं मागेच राहिलं. रिफंड वळता होऊ शकतो, अशी आगाऊ सूचना येते. तशी आलीही होती, त्याच्या जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर. ते घर त्याने केव्हाच सोडलेलं आणि नवा पत्ता एजन्सीला कळवायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या रात्री मी चिडले ते पैशांपेक्षा या गप्प बसण्यावर. त्याचं म्हणणं, नोकरी आज लागेल, उद्या लागेल म्हणून कोर्टात गेलो नाही. आणि खरी मेख तिथेच आहे. नोकरी गेल्या गेल्या रक्कम कमी करून मागायचा अर्ज करता येतो. केला, तर त्याची नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून पुढचे हप्ते कमी होऊ शकतात. पण जो हप्ता एकदा थकला तो थकला. १९८६ पासून इथला केंद्रीय कायदाच तसा आहे, ब्रॅडली दुरुस्ती म्हणतात त्याला. मागच्या तारखेने थकबाकी कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशालाही नाही. फेब्रुवारीतच एक अर्ज टाकला असता तर थकबाकी इतकी साठली नसती. एवढा शिकलेला माणूस, पण लाजेने कागदाला हात लावत नव्हता.

मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, नावं न घेता. पाच मिनिटांत सल्ला आला: "इनोसंट स्पाउसचा फॉर्म भर." तो डाउनलोड करून अर्धा भरलासुद्धा. मग शंका आली म्हणून नीट वाचलं, तर तो फॉर्म, ८८५७, अगदी वेगळ्या भानगडीसाठी. नवऱ्याने रिटर्नमध्ये कर लपवला आणि त्याची वसुली तुमच्याकडून होऊ लागली, तर तो भरायचा. नवऱ्याच्या जुन्या देण्यापायी तुमच्या वाट्याचा रिफंड गेला असेल, तर फॉर्म ८३७९, 'इंज्युअर्ड स्पाउस'. म्हणजे शब्दशः जखमी जोडीदार. नवरा म्हणाला, "कुठे लागलंय ते लिहायला रकाना आहे का?" मी हसले नाही. आता हसते.

आयआरएसला फोन करून या बाबतीत फारसं हाती लागत नाही, कारण पैसे कुणाच्या देण्यासाठी वळवायचे हे ते ठरवत नाहीत. ट्रेझरीचा वेगळा नंबर आहे, तिथे यंत्राचा आवाज देणं कोणत्या एजन्सीचं तेवढं सांगतो. थकबाकीच्या आकड्याबद्दल वाद असेल तर तो त्या राज्याच्या एजन्सीशीच घालायचा. आमचा वाद नव्हता. आकडा बरोबर होता.

फॉर्म दोन पानांचा आहे. मुख्य भाग म्हणजे तीन रकाने: एकत्र रिटर्नमधला आकडा, त्यातला माझा, त्यातला त्याचा. पगार ज्याचा त्याच्याकडे. कापलेला कर ज्याच्या डब्ल्यू-टूवर, म्हणजे कंपनीने दिलेल्या पगार-कराच्या दाखल्यावर, असेल त्याच्याकडे. स्टँडर्ड डिडक्शन निम्मंनिम्मं, म्हणजे २०२३ च्या २७,७०० चे १३,८५०. नावं आणि सोशल सिक्युरिटी नंबर मूळ रिटर्नवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लिहायचे. दोघांचे डब्ल्यू-टू जोडायचे, पण रिटर्नची प्रत जोडायची नाही. मी जोडली होती. लिफाफा चिकटवल्यावर सूचना वाचल्या आणि केटलच्या वाफेवर धरून तो उघडला.

राज्याचा प्रश्नही फॉर्ममध्ये आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशी नऊ 'कम्युनिटी प्रॉपर्टी' राज्यं आहेत. तिथे लग्नानंतरची कमाई बहुधा दोघांची धरतात, त्यामुळे वाटणी त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे होते. न्यू जर्सी त्यात नाही, हे माझं नशीब.

हिशोब तुम्ही करायचा नसतो, आयआरएस करते. पण मला राहवलं नाही. दोघांनी वेगवेगळं रिटर्न भरलं असतं तर कर किती झाला असता ते काढायचं आणि त्या प्रमाणात एकत्र कर वाटायचा. दुधाच्या बिलामागे मांडलं, तर ६,१३९ पैकी माझे ४,५२९ आणि त्याचे १,६१० निघाले. २९९ मिळालेले वजा केले की मला यायचे ४,२३०.

रिटर्न आधी भरून झालेलं असेल आणि हा फॉर्म मागाहून एकटाच पाठवलात, तर त्यावर फक्त तुमची सही लागते, नवऱ्याची नाही. ती सही करायला मला तीन दिवस लागले.

कारण पैसे गेले होते ते एका मुलीकडे. सावकाराकडे नाही. तिचे नऊ महिन्यांचे तुटलेले पैसे मी 'माझे' म्हणून परत ओढणार होते. नवऱ्याला म्हटलं, तिच्या आईला फोन कर आणि मी समोर बसणार. त्याने स्पीकरवर केला.

"मी कुणाकडे तक्रार केलेली नाही," ती आधीच म्हणाली. "थकबाकी पाचशेच्या वर गेली की ते आपोआप होतं. आणि अजून मला मिळालेले नाहीत."

तेही खरं होतं. रिफंड दोघांच्या नावचा असला की एजन्सी तो सहा महिन्यांपर्यंत थांबवून ठेवू शकते. का, तर माझ्यासारखी कुणी हक्क सांगत येईल म्हणून. मग ती जराशा थंड आवाजात म्हणाली, "दातांच्या तारांचे पैसे मी क्रेडिट कार्डावर टाकलेत. व्याज मीच भरतेय." नवरा काही बोलला नाही. मी सांगितलं, की मी फॉर्म पाठवतेय, माझ्या पगारातून कापलेले परत येतील, पण बाकीचं हा भरणार, तारखेनिशी. ती म्हणाली, "तुमचे तुम्ही घ्या हो. मला त्याच्याकडूनच हवेत."

या एका वाक्याने माझी सही झाली.

लिफाफा २८ मार्चला रजिस्टर पोस्टाने गेला. असा सुटा पाठवला तर साधारण आठ आठवडे सांगतात. रिटर्नसोबत ऑनलाइन पाठवला असता तर अकरा, कागदावर चौदा. मला दहा लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात चेक आला, ४,२३० डॉलर, दुधाच्या बिलावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळणारा. गंमत म्हणजे चेकवर दोघांची नावं. घटस्फोट झालेला असेल किंवा कायदेशीर विभक्त असाल, तरच एकटीच्या नावाने मागता येतो. फॉर्मला त्याची सही नको होती, चेकच्या पाठीवर हवी. पेन त्याच्या हातात देताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात एजन्सीच्या पोर्टलवर थकबाकी पुन्हा उभी राहिली: ४,२३०. मला परत आले तितकेच, डॉलरला डॉलर. नवरा म्हणाला, "मग आपण फिरून तिथेच आलो. हाच चेक भरून टाकू?"

"नाही. लेक तुझी, पगार तुझा."

कठोर वाटेल. पण चेक भरला असता तर त्याच्या लेखी हे प्रकरण परस्पर मिटलं असतं, जसं मार्चमध्ये मिटणार होतं. शिवाय दुसरी टांगती तलवार होती. थकबाकी २,५०० च्या वर गेली की राज्य नाव कळवतं आणि अमेरिकन पासपोर्ट अडतो. नंतर २,५०० च्या खाली आणली तरी नाव आपोआप निघत नाही, राज्याने काढावं लागतं. त्याचा पासपोर्ट सप्टेंबरमध्ये संपत होता आणि दिवाळीला आम्ही सांगलीला जाणार होतो. आईने जावयासाठी खोलीला रंगसुद्धा काढला होता.

तीन हप्ते ठरले: जून, जुलै, ऑगस्ट, दर महिन्याला १,४१०. नेहमीचे १,१५० वेगळे. त्या तीन महिन्यांत त्याचं बाहेरचं जेवण बंद झालं, क्रिकेट क्लबची फी राहिली, आणि दर दुसऱ्या दिवशी डब्यात उसळ. मी सोफा घेतला नाही. चेक माझ्या खात्यात तसाच पडून आहे. पुढच्या वर्षी रिटर्नसोबतच ८३७९ जोडायचा की वेगवेगळं भरायचं, यावर जानेवारीत बसून हिशोब केला. थकबाकी नव्हती, त्यामुळे दोन्हीची गरज पडली नाही. एकच केलं: एजन्सीच्या पोर्टलवर त्याचा पत्ता, फोन आणि ईमेल मी समोर बसून बदलून घेतला.

त्याआधी, २०२४ च्या ३० ऑगस्टला रात्री जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. थकबाकी: ०.००. त्याने त्याचा फोटो काढून लेकीच्या आईला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"मिळाले. तारा घट्ट करायची अपॉइंटमेंट १४ तारखेला आहे. तू घेऊन जा."