दुधाच्या वहीतले मोठे आकडे

सोमवार हा आमच्या मानसोपचाराच्या ओपीडीत दारूचा वार. शनिवारी पगार, रविवारी तांबडा-पांढरा आणि त्याच्यासोबत जी काही असते ती. सोमवारी हात थरथरायला लागले की घरचे गाडीत घालून आणतात. त्या सोमवारी पैलवान दुधाच्या टेम्पोतून आले. (ओळख पटू नये म्हणून चार तपशील बदललेत.) पन्हाळ्याच्या बाजूचं गाव, दोन म्हशी, थोडा ऊस, आणि तालीम सुटून पंधरा वर्षं झाली तरी न सुटलेलं नाव.

दारातूनच ओरडले, "मॅडम, दवाखान्यात लाल माती टाका, ट्रॉली आपल्याकडनं फुकट!" पाठोपाठ कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ते भरवणार असलेल्या कुस्त्या, दहा लाखांचं बक्षीस, पाहुण्यांची यादी. यादीत मीही होते. मागं कंटाळलेला धाकटा भाऊ आणि कापडी पिशवी पोटाशी धरलेली बायको.

नाडी १२०च्या वर, अंगाला घाम, पसरलेली बोटं थरथरती. शेवटची दारू शनिवारी रात्री. अचानक तुटलेली दारू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रमात नेते, फिट आणते, जीवही घेते. म्हणून थरथर शमवणारं लोराझेपाम, मग थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या सलाइनआधी, नाहीतर मेंदूवर बेततं. ही कामं हाताला पाठ आहेत. पाठ असणं हीच अडचण. जुना केसपेपर काढला, तर दीड वर्षापूर्वीच्या माझ्याच अक्षरात 'अल्कोहोल डिपेन्डन्स', आणि खाली रेघ. चिडचिड, बडबड, जागरण, सगळं त्या दोन शब्दांत कोंबून मी मोकळी झाले होते.

पण हे भ्रमातलं बरळणं वाटेना. वार विचारला.

"सोमवार. म्हादेवाचा, आणि तुमच्या ओपीडीचा."

शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, तर माझ्यापेक्षा भरभर केलं.

भाऊ म्हणाला, "पिऊन डोस्कं फिरलंय, दुसरं काय न्हाई." आणि खिशातून कागदाची पुडी काढली. "ही चहातनं घालत हुतो. बंद करू का वाढवू?"

पुडीत कुटलेलं डायसल्फिराम, दारू सोडवायला देतात ते औषध. चव नाही, वास नाही. माहीत नसलेल्या माणसानं वरून दारू घेतली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, ब्लडप्रेशर कोसळतं. चहातल्या औषधापायी माणूस दगावू शकतो. शिवाय डोकं आधीच भडकलेलं असेल तर हे औषध आणखी भडकवू शकतं. मी भावावर चिडले आणि लगेच ओशाळले. बिचाऱ्यानं दोन वर्षांत त्याला सुचेल ते सगळं करून पाहिलं होतं.

शनिवारी नक्की किती वाजता घेतली, हे मी बायकोला विचारलं. तिनं पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढली. दूध संस्थेत आता मशिनची पावती मिळते, तरी ही बाई दूध वहीत मांडते. दहा दिवसांचं बिल ताडून बघायला लागतं, म्हणाली. सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट. सकाळची धार पैलवानांची, म्हणून सकाळचे आकडे त्यांचे, संध्याकाळचे तिचे. ज्या दिवशी ते प्यायले त्या दिवसाला लाल फुली. शनिवारची फुली सापडली. सहज मागची पानं चाळली.

महिनोन् महिने मुंगीएवढे आकडे. ४.५, ६.८, ४.५, ६.९. मग एका पानावर तोच ४.५ दोन ओळींत मावेना, खाली दोन रेघा, पेन इतकं दाबलेलं की पुढच्या पानावर वळ. समासात '२० म्हशी'. दुसऱ्या दिवशी '५० म्हशी'. तिसऱ्या दिवशी 'स्वतःची डेअरी'. या पानांवर फुली नव्हती. फुल्या सुरू झाल्या सहा-सात दिवसांनी. आणखी मागं, पावसाळ्यातली काही पानं, जिथं सकाळच्या रकान्यातही तिचंच अक्षर होतं. "तवा उठायचंच न्हाईत," ती म्हणाली. तिथंही फुल्या नंतरच आलेल्या.

"आकडं मोठं झालं की मला कळतंय, आता झोपायचं न्हाईत. मग झोप लागावी म्हणून पित्यात. मागल्या खेपंला सांगितलंतं की मी तुमाला."

मला आठवत नव्हतं.

मध्यंतरी भावानं त्यांना तीन महिने एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. तिथं थेंब मिळायचा नाही, तरी दुसरा महिना सरता सरता पैलवान रात्रभर जागून सगळ्यांना जोर-बैठका शिकवायला लागले. झोपेची गोळी मागितली, तर गोळी म्हणजेही नशाच, असं उत्तर मिळालं आणि भर थंडीत गार पाण्यानं अंघोळ. दारू महिनाभर पूर्ण बंद असून असा उन्माद येत असेल, तर तो दारूच्या खात्यावर टाकता येत नाही. हा बायपोलर होता, मन कधी उधाणावर नेणारा, कधी अंथरुणातून उठू न देणारा आजार.

रात्री दोनला सिस्टरचा फोन आला. पैलवान चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होते, तालमीतल्या वस्तादांना हाका मारत होते. म्हणजे तुटलेल्या दारूचा भ्रमही आलाच. एका अंगात दोन दुखणी, आणि दोन्ही एकाच वेळी जोरात.

भरतीच्या कागदांवर कलम ८९, म्हणजे रुग्णाच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून होणारी भरती, बघून भावानं विचारलं, "हे येड्याचं कलम, का दारूचं?" २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू-ड्रग्जमुळं होणारे मनाचे त्रास मानसिक आजारातच धरलेत, हे मी त्याला समजावलं. समजावताना जीभ जरा जड झाली.

मनाचे चढउतार आवरायला औषध हवं. यकृताचे रिपोर्ट बिघडलेले, म्हणून व्हॅल्प्रोएट नको. किडनी आणि थायरॉईड ठीक, म्हणून लिथियम. पाणी भरपूर, मीठ एकदम तोडायचं नाही, उन्हात कामाला जाताना बाटली जवळ. दारूच्या ओढीसाठी अकॅम्प्रोसेट, दिवसाला सहा गोळ्या, पण त्यांना सांगून, त्यांच्या हातात. "सहा? म्हशीलाबी एवढ्या देत न्हाईत," ते म्हणाले. तोवर चेहरा निवळला होता. पुडी बायकोनं स्वतः बेसिनमध्ये ओतली.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. "मॅडम, आज आकडं मोठं आल्यात."

"फुली?"

"अजून न्हाई."

दुसऱ्या दिवशी बोलावलं. रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी काढलेल्या रक्तात लिथियम ०.३, म्हणजे कमीच. ऊसतोडीच्या धावपळीत गोळ्या राहिल्या होत्या. पैलवान फुरंगटून बसलेले. "माज्या अक्षरावर पहारा बसवलाय हिनं!" मी म्हटलं, वही तरी बघू दे. ते ती मांडीखाली दाबून बसले होते.