टॉमची बोटं

मंगळवार, रात्री साडेदहा

आज भाची आली होती. जेवणानंतर तिला ‘द कॅट कॉन्सर्टो’ लावून दिला आणि मीही शेजारी बसलो. लहानपणी केबलवर टॉम आणि जेरी पाहायचो तेव्हा टॉम केव्हा मार खातो याचीच वाट असायची. आज सगळा वेळ टॉमच्या हातांकडे पाहत होतो.

टॉम मैफलीतला पियानोवादक आहे. अंगात काळा कोट, चेहऱ्यावर रुबाब. फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २’ ही पियानोरचना सुरू करतो. पियानोच्या आत हातोड्यांवर जेरी झोपलेला. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, त्यामुळे बिचारा उसळून जागा होतो. तिथून भांडण पेटतं. बोटांवर झाकण आदळतं, पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो, एक बोट कात्रीतून थोडक्यात वाचतं. तरी टॉम वाजवतोच. हात जेरीच्या मागे असले तर पायांनी वाजवतो!

१९४७ सालचा, एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा हा लघुपट. मुख्य चित्रपटाच्या आधी थिएटरात दाखवायला केलेला. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचं दिग्दर्शन, संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. ऑस्करही मिळालं. पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की यात कुणी एक शब्द बोलत नाही आणि चित्रकारांनी टॉमची बोटं उगाच कुठेही नाचवलेली नाहीत. सूर वर चढले की हातही उजवीकडे सरकतात. केवढी मेहनत असेल ती, एकेक चित्र हाताने काढायचं!

आणि बंदिशही काय निवडली आहे. आधी संथ, भारदस्त भाग, मग द्रुत. आपल्याकडे विलंबितानंतर द्रुत सुरू झालं की ऐकणारे सावरून बसतात, तसंच. भांडणही त्याच लयीने चढत जातं.

गेल्या शनिवारी साथीला बसलो होतो. तानेच्या मध्येच पेटीची एक पट्टी अडकली, सूर भोंग्यासारखा वाजत राहिला. मी हात उचलला. दोन-तीन मात्राच गेल्या असतील, पण गाणारीने मान वळवून पाहिलं. गुरुजी नेहमी सांगायचे, काही झालं तरी भात्याचा हात सोडायचा नाही. तीन दिवस तीच गोष्ट मनात घोळते आहे.

शेवट मला आज फार लागला. जेरी हातोड्या मोडून घेतो आणि थेट तारांवर वाजवू लागतो. टॉमला वाटतं संपलं, तर हा पुन्हा सुरू! कपड्यांची दशा झालेली, जीव थकलेला, तरी प्रत्येक वेळी टॉमचे हात पट्ट्यांवर परत जातात. मग कोसळतो, आणि प्रकाशझोत जेरीवर.

भाचीने विचारलं, “मामा, वाजवलं तर टॉमने ना?”

हो गं, टॉमनेच.

ती झोपल्यावर पेटी उघडली. अडकणारी पट्टी मध्य सप्तकातली कोमल निषाद आहे. पट्टीच्या फटीत लाकडाचा एक बारीक कपचा होता, तो काढला.