‘आज जरा लवकर घेऊन जा’

सकाळी साडेअकराच्या सुमारास दिव्यांग मुलाच्या घरी शाळेतून फोन येतो. “आज जरा लवकर घेऊन जा, फार त्रास देतोय.” आई हातातलं काम टाकून निघते. नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेल्या वडिलांना तो फोन उचलताही येत नाही. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत कामाला गेलेल्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. महिन्यातून एखाद्या वेळी असं झालं तर कुणाची तक्रार नसते. पण आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं की शाळा आणि घर यांच्यात बोलण्यासारखं तेवढंच उरतं. मग पालक शाळेचा नंबर बघून फोन उचलेनासे होतात, बाईंना वाटतं यांना मुलाचं काही पडलेलं नाही, आणि मूल पटावर शाळेत पण दिवसभर घरी, असं चालू राहतं.

यावर पहिलं काम नोंदीचं. लवकर घरी पाठवलेलं मूल हजेरीपटावर हजरच दिसतं, म्हणून किती तास बुडाले याचा हिशोब कुणाकडेच नसतो. एक वही घाला. तारीख, पाठवल्याची वेळ, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं, त्यावर कुणी काय केलं, एवढे पाच रकाने पुरतात. ‘चिडचिड केली’ असं लिहू नका. ‘पाटी फेकली, कान झाकून बाकाखाली गेला’ असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं. हीच वही घरीही ठेवता येते. शाळा ठेवत नसेल तर पालकांनी ठेवावी.

तीन-चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की बहुतेक वेळा काहीतरी ठरावीक दिसायला लागतं. खिचडी वाटायच्या आधीची भांड्यांची आदळआपट आणि रांगेतली रेटारेटी हे फार नेहमीचं कारण आहे. स्वमग्न मुलाला तो आवाज अक्षरशः सहन होत नाही. दुसरं, शू लागलेली असते आणि सांगता येत नाही. तिसरं, फिट्सच्या सकाळच्या गोळीची गुंगी. चौथं, शनिवारची सकाळची शाळा, कारण त्या दिवशी रोजचा क्रम मोडतो. कारण कळलं की उपाय साधा असतो: ताट पाच मिनिटं आधी द्यायचं, दर दीड तासाने न विचारता शौचालयात न्यायचं, गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारायचं (स्वतःहून बदलायची नाही).

एक कारण मात्र मोठ्यांनीच तयार केलेलं असतं. गणिताच्या तासाला अवघड काम समोर आलं, मुलाने पाटी फेकली, अर्ध्या तासात आई आली, घरी टीव्ही लागला. चार वेळा असं झालं की मूल पक्कं शिकतं: पाटी फेकली की सुटका. यात लबाडी नाही. ज्याला ‘मला हे जमत नाहीये’ असं बोलता येत नाही त्याने शोधलेली ती वाट आहे. म्हणून घरी पाठवण्याआधी एक पायरी हवी. वर्गाबाहेर ठरलेली शांत जागा, दहा मिनिटं, पाणी, आणि मग परत तेच काम, पण दहा गणितांऐवजी दोन. सोबत ‘मदत हवी’ असं चित्र असलेलं कार्ड दिलं तर पाटी फेकायची गरजच कमी होते. आणि घरी आणावंच लागलं तर शाळा सुटायच्या वेळेपर्यंत टीव्ही-मोबाइल नाही. ताप, उलटी, मार लागणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा लगेच न्यायचं.

या सगळ्याची तयारी खरं तर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात व्हायला हवी. पालक बहुधा दवाखान्याच्या कागदांची जाड फाइल घेऊन जातात. पन्नास मुलांच्या वर्गात बाई ती वाचणार कधी? फाइलऐवजी एक पान द्या, हाताने लिहिलेलं चालेल. मूल ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगतं, शू-शीसाठी कोणती खूण करतं, कशाला घाबरतं, घाबरल्यावर काय केलं की शांत होतं, डबा स्वतः उघडतं का, कोणत्या कानाने बरं ऐकू येतं, काय आवडतं. शेवटच्या प्रश्नाला लोक कमी लेखतात, पण बाईंना ओळख करून घ्यायला तोच सगळ्यात उपयोगी पडतो. तीन प्रती काढा: वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि रिक्षावाले काका. शाळेतल्या मावशींना मात्र तोंडी सांगा आणि करून दाखवा, कारण शौचालयात नेणं, कपडे बदलणं हे सगळं त्यांच्याकडेच येतं.

फिट येत असेल तर पानाच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहा: घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर चिठ्ठीची प्रत, मात्रा आणि स्प्रेची मुदत संपायची तारीख शाळेकडे हवी.

‘आईने वर्गात बसावं’ अशी अट पुष्कळ शाळा घालतात. सुरुवातीचे काही दिवस त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण उठायची तारीख बसायच्या आधी ठरवा: पहिला आठवडा वर्गात, दुसरा व्हरांड्यात, तिसरा फाटकापाशी, चौथ्यापासून घरी. तारीख नसेल तर आई वर्षभर बसते, बाई मुलाशी थेट बोलतच नाहीत, आणि वर्गातली मुलंही त्याला काही सांगायचं असलं तर आईला सांगतात.

रोजच्या निरोपासाठी शंभर पानी वही पुरते. बाईंकडून रोज पानभर मजकुराची अपेक्षा ठेवली तर वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, हमखास. म्हणून रकाने आधीच आखून द्या: डबा खाल्ला का, शौचालय, आज जमलेली एक गोष्ट. पहिल्या दोन ठिकाणी नुसती खूण, तिसऱ्यात चार शब्द. घरून जाताना: झोप नीट झाली का, गोळी दिली का. तक्रार या वहीत लिहायची नाही, ती भेटीत बोलायची. मूल पुढे ही वही वाचायला शिकतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर मुलाविषयी एक अक्षरही नको. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना बाईंनी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवावा. पेठ-सुरगाण्याकडून शहरात कामाला आलेल्या घरात कोकणा बोलतात, मालेगाव-सटाण्याकडच्या घरात अहिराणी; तिथे छापील सूचनेपेक्षा आवाज पोचतो. आणि शिक्षकांना एक कळकळीची विनंती: जूनमधला पहिला फोन चांगल्या बातमीचा करा. “आज त्याने स्वतः चपला रांगेत लावल्या,” एवढंच. पुढे कधी अवघड बोलायची वेळ आली तर तो फोन कामी येतो.

फाटकाशी उभ्या उभ्या झालेलं बोलणं भेट म्हणून धरू नका. वर्षात चार भेटी ठरवा: जूनअखेर, दिवाळीच्या सुट्टीआधी, जानेवारीत, एप्रिलमध्ये. वेळ पालकांची पाळी विचारून. द्राक्षकाढणीच्या महिन्यांत सकाळी अकराला बोलावलं तर कोण येणार? घरी मुलाला सांभाळणारी आजी असेल तर तिलाही बोलवा, कारण गृहपाठ तीच घेते. अर्धा तास, तीन मुद्दे, आणि शेवटी काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे लिहून दोघांच्या सह्या. प्रत पालकांकडे.

मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे त्याने काय आणि कधीपर्यंत शिकायचं ते लिहिलेला कागद, याच भेटीत पाहायचा असतो. त्यात ‘वाचन सुधारेल’ असं लिहिलेलं असेल तर ते सुधारलं की नाही कधीच कळणार नाही. ‘दिवाळीपर्यंत काना-मात्रेचे १० पैकी ८ शब्द चित्राशिवाय वाचेल’ हे मोजता येतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांकडे बऱ्याच शाळा असतात. ते कोणत्या वारी येतात ते विचारून एखादी भेट त्याच दिवशी ठेवा.

चाकाची खुर्ची असेल तर उताराचं गणित पालकांनीच मोजून जावं. उंचीच्या बारा पट लांबी लागते. सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर बारा फूट. जागा नाही म्हणून पाच फुटांत उतरवलेला रॅम्प चढताना खुर्ची मागे उलटते आणि मग शाळा म्हणते, रॅम्प बांधला तरी वापरत नाहीत. शौचालयाचं दार बाहेर उघडणारं आणि ९० सेंटिमीटर रुंद हवं, आत आडवा दांडा हवा.

आता नकाराबद्दल. “आमच्याकडे सोय नाही, तुम्ही विशेष शाळा बघा,” हे नेहमी तोंडी सांगितलं जातं, कारण लिहून देता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त प्रत्येक शाळेने भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या आहेत. यात खासगी इंग्रजी शाळाही आल्या. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शाळा ही घरच्यांची निवड आहे, कुणी तिकडे ढकलायचं नाही. तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा प्रवेशाचा अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर सूर बदलतो. नाही बदलला तर तालुक्यात केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्यातले दिव्यांग आयुक्त. प्रत्येक अर्जासोबत आधीच्या अर्जाची शिक्क्याची प्रत. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. दिव्यांग मुलाच्या पालकाने तिथे जरूर जावं, रॅम्पचा विषय तिथेच निघतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी होते. अध्ययन अक्षमतेची (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी एका बैठकीत उरकत नाही, म्हणून ती आठवीत सुरू करा, दहावीच्या जानेवारीत नको. दहावीला राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, म्हणजे मुलाच्या सांगण्यावरून उत्तरं लिहिणारा, खालच्या इयत्तेतला लागतो. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे मुख्याध्यापकांना दिवाळीआधीच आठवण द्या. लेखनिकाला सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. पूर्णविराम कुठे, आकृतीला नाव कुठल्या बाजूला, खोडलेलं कसं सांगायचं, हे सगळं बोलावं लागतं. नववीच्या चाचण्या लेखनिक घेऊन दिल्या नसतील तर जादा मिळालेला तास गोंधळातच जातो.

एप्रिलची भेट जुन्या आणि नव्या बाईंना एकत्र बसवून घ्या, विशेषतः चौथी किंवा सातवीनंतर शाळा बदलणार असेल तर. जूनमधलं ते एक पान समोर ठेवून जे बदललं ते खोडायचं, नवं लिहायचं. मग मुलाला नव्या वर्गात न्या. त्याचा बाक, दप्तर अडकवायची खुंटी, शौचालयाचं दार आणि नव्या बाई, असे चार फोटो मोबाइलवर काढून घ्या आणि मे महिनाभर अधूनमधून त्याला दाखवत राहा.